काटा रुतलेल्या जागी गाठ, मग भोकं, मग पू: त्वचेखालची खोल बुरशी कशी ओळखायची आणि उपचार कसे पूर्ण करायचे

सोलापूर जिल्ह्यात पायात काटा रुतणं ही काय सांगायची गोष्ट नाही. बांधावरची वेडी बाभूळ, सांगोल्याकडच्या बागेत छाटून टाकलेली डाळिंबाची फांदी, ज्वारी काढल्यावर रानात राहिलेलं धसकट, कशानं ना कशानं पाय फुटतोच. सुईनं काटा काढतात, रुईचा चीक लावतात, कोणी बिब्ब्यानं डागतं आणि विसरून कामाला लागतात. मग काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी त्याच जागी कडक गाठ येते, आणि ती दुखत नाही हाच खरा घात आहे कारण न दुखणाऱ्या गाठीसाठी हंगामात कोण सोलापूरला येणार.

मी त्वचारोगाच्या ओपीडीत काम करतो. आमच्याकडे असे पेशंट येतात तेव्हा बहुतेकांच्या पिशवीत वेगवेगळ्या अँटिबायोटिक्सच्या चिठ्ठ्या असतात, एखादं चिरा देऊन झालेलं असतं, टीबीचं औषधही कधी चालू झालेलं असतं, पण तुकडा काढून तपासणी मात्र एकदाही झालेली नसते. म्हणून हे सगळं ओळीनं लिहितोय, पेशंटच्या घरच्यांसाठी आणि गावात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टर मित्रांसाठी पण. एकच गोष्ट डोक्यात ठेवून वाचा: आधी आत नेमकं कोण आहे ते शोधायचं, औषध त्यानंतर.

हे गजकर्ण नव्हे

गजकर्ण, नायटा, चिखल्या ही वरवरची बुरशी. ती कातडीच्या मेलेल्या थरावर जगते, खाजते, पसरते. खोल बुरशी मातीत, कुजक्या लाकडात, काट्यावर असते आणि जखमेतून आत कातडीखालच्या चरबीत टोचली जाते, तिथंच हळूहळू वाढते, पुढं स्नायू आणि हाडापर्यंत जाते. बहुतेक वेळा खाज नाही, ताप नाही, माणसाला एरवी काही होत नाही. वरून मलम लावून ही जात नाही, कुठलंच मलम तेवढं खोल पोचत नाही.

आणि हो, मेडिकलवरून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम महिनोन्‌महिने चोळलं तर साधा नायटासुद्धा केसांच्या मुळातून खाली उतरतो आणि तिथं कडक पुटकुळ्या होतात. नायट्याच्या चट्ट्यात असं काही हाताला लागलं तर मलम थांबवून दाखवा, त्याला पोटातून गोळ्या लागतात.

पहिली पायरी: नजरेनं काय दिसतं

आपल्या भागात सगळ्यात आधी मनात आणायचा तो मायसेटोमा, म्हणजे मदुरा फूट. नाव मदुराईवरून आलं पण याच्या अभ्यासात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करणारे हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास हा रोग बुरशीनं होतो असं मांडलं आणि मायसेटोमा हे नावही त्यांचंच, पुढं ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. जागतिक आरोग्य संघटनेनं याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं ते थेट २०१६ साली, एवढ्यावरून कळावं किती दुर्लक्ष झालंय.

मदुरा फूटची तीन लक्षणं एकत्र बघायची. कडक, न दुखणारी सूज. त्या सुजेवर भोकं, म्हणजे नासूर, एक बंद होतो दुसरा उघडतो. आणि त्या भोकांतून पुवाबरोबर बारीक दाणे पडणं. खसखशीएवढे किंवा त्याहून लहान, काळे, पांढरे, पिवळट नाहीतर लाल. पाऊल ही नेहमीची जागा, पण हातावर, गुडघ्यावर, ओझं वाहणाऱ्यांच्या पाठीवर-मानेवरही होतो. घरचे "हत्तीपाय झालाय" म्हणून घेऊन येतात, हत्तीपायात असे दाणे पडत नाहीत.

तिन्ही गोष्टी दिसेपर्यंत थांबायचं मात्र नाही. सुरुवातीला नुसती गाठच असते आणि तेव्हाच पकडली तर पाय वाचवणं सगळ्यात सोपं. काटा लागलेल्या जागी महिनाभर टिकलेली कुठलीही कडक गाठ दाखवायचीच, दुखो न दुखो.

दुसरा प्रकार स्पोरोट्रायकोसिस. हातावर किंवा बोटावर काटा, गवताची काडी, गुलाबाचा काटा लागतो, तिथं एक फोड येऊन फुटतो आणि मग हातावर वरच्या बाजूला रसवाहिनीच्या रेषेत एकामागे एक गाठी उठत जातात. ही रेष एकदा बघितली की विसरत नाही. आपल्या देशात हा हिमालयाच्या पायथ्याकडं जास्त, आपल्याकडं कमी, पण रेषेत गाठी दिसल्या तर विचारात घ्यायचाच. अशीच रेष नोकार्डिया नावाच्या जंतूनं (जंतू म्हणजे इथं बॅक्टेरिया) किंवा टीबीच्या चुलतभावांनी पण येऊ शकते, म्हणून नुसतं बघून औषध नको.

तिसरा क्रोमोब्लास्टोमायकोसिस. हा पायावर चामखिळीसारखा खरबरीत, जाड चट्टा होऊन बसतो, वर्षानुवर्षं. नीट उजेडात बघितलं तर त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. लोक चामखीळ समजून जाळून घेतात, परत येतो. फार जुन्या चट्ट्यात पुढं कॅन्सर होऊ शकतो म्हणून याला "आहे तसा राहू दे" म्हणता येत नाही.

लहान मुलांमध्ये एक वेगळं चित्र असतं, मांडीवर, कुल्ल्यावर किंवा दंडावर एक मोठी कडक, न दुखणारी सूज, कडा गुळगुळीत, आणि त्या कडेखाली बोट घालून ती उचलता येते. हा बॅसिडिओबोलस. कॅन्सरची गाठ समजून घरचे घाबरलेले असतात आणि तुकडा तपासल्यावर औषधानं बरं होणारं निघालं की आईबापाच्या तोंडावर जो सुटकारा दिसतो त्यासाठी तरी वेळेवर तपासणी करा.

हे सगळे महिन्या-वर्षांचे रोग. एकच प्रकार तासांचा आहे, तो म्युकर. २०२१ मध्ये काळी बुरशी म्हणून सगळ्यांना माहीत झाला तो नाक-डोळ्याचा होता, पण तो कातडीतूनही शिरतो. अपघातात माती भरलेली जखम, इंजेक्शनची जागा, भाजलेला भाग, आणि त्यात शुगर वाढलेली असेल तर जखमेची कडा एक-दोन दिवसांत जांभळी, मग काळी पडत जाते. असं दिसलं तर पुढचा लेख वाचत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा, रात्र असली तर रात्री. त्याला तातडीचं ऑपरेशन आणि शिरेतून अँफोटेरिसिन हे बुरशीचं औषध लागतं, शुगर आणि रक्तातलं ॲसिड लगेच ताब्यात आणावं लागतं.

दुसरी पायरी: नीट विचारून घेणं

पेशंटला विचारताना "लागलं होतं का" एवढं विचारून भागत नाही, नाहीच म्हणतात. काम काय, अनवाणी चालता का, वारी पायी करता का, ऊसतोडीला जाता का, घराजवळ जनावरांचा गोठा आहे का, मागं कधी काटा मोडून आत राहिला का. गाठ किती महिन्यांची. दाणे पडलेले कधी बघितले का आणि कुठल्या रंगाचे. शुगर आहे का, दम्यासाठी किंवा सांध्यासाठी स्टेरॉइड चालू आहे का, किडनी बदललेली आहे का, एचआयव्ही तपासलंय का. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या अंगावर-तोंडावर मध्ये खळगा असलेल्या पुटकुळ्या अचानक आल्या तर बुरशी रक्तातून आलेली असू शकते, त्याला ओपीडी नाही, ॲडमिशन लागतं.

तिसरी पायरी: दाणा पकडा

ही पायरी फुकटात होते आणि जवळजवळ सगळीकडं चुकवली जाते. भोक वाहत असेल तर रात्री त्यावर निर्जंतुक सलाईननं ओलं केलेलं स्वच्छ गॉज ठेवून सैल पट्टी बांधायची, सकाळी ते गॉज उघडून उजेडात बघायचं, दाणे त्यावर चिकटलेले असतात. ते गॉज तसंच स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात आणायचं. त्यावर डेटॉल, हळद, पावडर काही टाकायचं नाही.

रंगावरून बरंच कळतं. काळा दाणा म्हणजे जवळजवळ नेहमी खरी बुरशी, मादुरेला नावाची. लाल दाणा म्हणजे जंतू, ॲक्टिनोमादुरा पेलेटिएरी. पांढरा-पिवळट दाणा दोन्हीतला कुठलाही असू शकतो आणि खरी अडचण इथंच आहे.

कारण मदुरा फूट हा दिसायला एक असला तरी आतून दोन रोग आहेत. एक बुरशीचा, युमायसेटोमा. दुसरा बुरशीसारखे धागे करणाऱ्या जंतूंचा, ॲक्टिनोमायसेटोमा. जंतूवाल्याला बुरशीचं औषध वर्षभर दिलं तर वर्षभरात हाड खाल्लं जातं. बुरशीवाल्याला अँटिबायोटिक दिलं तर वरचा पू थोडा कमी होतो, पेशंट खूश होतो आणि खाली रोग तसाच वाढतो.

लॅबमध्ये दाणा सलाईननं दोन-तीनदा धुऊन, स्लाईडवर केओएच या द्रावणात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. धागे दोन ते पाच मायक्रॉन जाड दिसले तर बुरशी, एक मायक्रॉनच्या आसपास किंवा बारीक असले तर जंतू. सोबत ग्रॅम स्टेन (स्टेन म्हणजे रंग देऊन बघणं), आणि नोकार्डियासाठी सौम्य ॲसिड वापरून केलेला ॲसिड फास्ट स्टेन. एवढ्यावर बहुतेक वेळा दिशा ठरते, त्याच दिवशी.

क्रोमोमध्ये, म्हणजे क्रोमोब्लास्टोमायकोसिसमध्ये, दाणे नसतात, तिथं ते काळे ठिपके खरवडून केओएचमध्ये बघायचे, आडव्या-उभ्या भिंती असलेल्या तपकिरी गोल पेशी दिसल्या की निदान झालं. ठिपका सोडून दुसरीकडचं खरवडलं तर काही मिळत नाही.

चौथी पायरी: तुकडा, आणि तो दोन बाटल्यांत

बायोप्सी म्हटलं की घरचे घाबरतात, "तुकडा काढला की पसरतं" हे गावोगाव बसलेलं आहे. बुरशीच्या निदानाचा तुकडा काढल्यानं रोग अंगभर पसरत नाही. न काढल्यानं मात्र चुकीचं औषध वर्षानुवर्षं चालतं.

तुकडा खोल हवा, चरबीपर्यंत. गोल पात्याच्या पंचनं वरवर काढलेल्या तुकड्यात नुसती सुजलेली कातडी येते आणि रिपोर्टमध्ये "जुनाट दाह" एवढंच लिहून येतं, त्याचा कोणालाच उपयोग नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. तुकडे दोन करायचे. एक फॉर्मालिनमध्ये, पॅथॉलॉजीला. दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, मायक्रोबायोलॉजीला कल्चरसाठी, म्हणजे आतली बुरशी किंवा जंतू वाढवून बघायला. फॉर्मालिनमध्ये टाकलेल्या तुकड्यातली बुरशी मरते, त्यावर कल्चर होत नाही, आणि ही चूक झाली की पेशंटला परत कापावं लागतं. घरच्यांनी सरळ विचारा, "डॉक्टर, कल्चरसाठी वेगळी बाटली आहे ना?" यात कसला संकोच नको, चांगला डॉक्टर चिडत नाही.

फॉर्मवर नुसतं "कल्चर" लिहू नका. बुरशी, नोकार्डिया आणि टीबी तिन्हीचा संशय आहे, प्लेट चार ते सहा आठवडे ठेवावी असं स्पष्ट लिहा, नाहीतर साध्या पुवाच्या कल्चरसारखं दोन-तीन दिवसांत "वाढ नाही" म्हणून निकाल हातात येतो. पॅथॉलॉजीला पीएएस आणि सिल्व्हर स्टेन मागा. टीबीसाठी त्याच तुकड्यावर सीबीनाट ही टीबीची तपासणी करून घ्यावी, आपल्याकडं नासूर म्हणजे टीबी असंही असतंच. स्पोरोट्रायकोसिसमध्ये तर तुकड्यात बुरशी दिसतच नाही बऱ्याचदा, तिथं कल्चरवरच भिस्त, आणि ते तसं लवकर येतं, आठवडा-दोन आठवड्यांत. म्युकरचा संशय असेल तर लॅबला तसं सांगा, तो तुकडा वाटून-कुटून लावला तर बुरशी वाढत नाही.

शक्य असेल तिथं नमुना घ्यायच्या आधी अँटिबायोटिक सुरू करू नका.

सोलापुरात हे सगळं एका आवारात व्हायचं असेल तर सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आणि त्याला जोडलेलं डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेज. त्वचा, सर्जरी, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी जवळजवळ असले की तुकडा वेळेत आणि नीट पोचतो, डॉक्टर एकमेकांशी बोलू शकतात. करमाळा, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणाऱ्यांनी सकाळी लवकर ओपीडी गाठा आणि जुने सगळे कागद, एक्स-रे, गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत आणा.

पाचवी पायरी: हाडापर्यंत गेलंय का

पायाचा साधा एक्स-रे प्रत्येकाचा काढायचा. बुरशीत हाडात थोड्या पण मोठ्या पोकळ्या दिसतात, जंतूंच्या प्रकारात बारीक बारीक खूप. सुरुवातीला एक्स-रे चांगला असूनही आत पसरलेलं असू शकतं, त्यामुळे ऑपरेशन ठरवायचं असेल तर एमआरआय. त्यात गोलात ठिपका अशी खूण दिसली तर मायसेटोमाकडं बोट जातं. सोनोग्राफी स्वस्त आहे आणि पुढं दर काही महिन्यांनी गाठ मोजायला बरी पडते.

औषध सुरू करायच्या आधी लिव्हर, किडनी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शुगर, एचआयव्ही या तपासण्या. बाईमाणूस असेल तर गरोदरपण नाही ना याची खात्री.

सहावी पायरी: औषध

खाली डोस लिहितोय ते डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या माहितीसाठी, मेडिकलवर जाऊन स्वतः घ्यायला नाही. वजन, वय, लिव्हर-किडनी बघून ते बदलतात.

जंतूवाला मदुरा फूट औषधानं चांगला बरा होतो आणि हे पेशंटला ठासून सांगायला पाहिजे कारण तो पाय कापतील या भीतीनं आलेला असतो. को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक हा पाया, मोठ्या माणसाला डबल स्ट्रेंथ गोळी दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने. रोग खोल असेल तर सोबत अमिकासिनची इंजेक्शनं, किलोमागे दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या हिशोबानं साधारण तीन आठवडे, मग मध्ये थांबून किडनी आणि कान तपासून गरज असेल तर पुढची फेरी. दिल्लीच्या एम्सनं जेंटामायसिन आणि को-ट्रायमॉक्साझोल महिनाभर, नंतर डॉक्सिसायक्लिन आणि को-ट्रायमॉक्साझोल असा दोन टप्प्यांचा मार्ग वापरला, तोही चालतो. कानात आवाज येऊ लागला, ऐकू कमी येऊ लागलं, लघवी कमी झाली तर इंजेक्शन पुढं न घेता लगेच कळवायचं. को-ट्रायमॉक्साझोलवर अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी त्याच क्षणी बंद, आणि दवाखाना.

बुरशीवाला मदुरा फूट चिवट. इट्राकोनाझोल हे बुरशीचं औषध २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर किंवा जास्त, आणि मध्ये ऑपरेशन. आधी काही महिने औषध दिल्यावर रोगाभोवती जाड आवरण तयार होतं, मग सर्जनला ते अखंड काढता येतं, ऑपरेशननंतर औषध पुन्हा चालू ठेवायचं. आधीच घाईनं चिरा देऊन पू काढला, गाठ अर्धी काढली, तर ती परत येते आणि दुसऱ्या वेळी जास्त खोल येते. गावाकडच्या डॉक्टरांना हात जोडून विनंती, तुकडा तपासल्याशिवाय पावलावरची जुनी गाठ फोडू नका. सुदानमध्ये फोसराव्हुकोनाझोल नावाच्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीची चाचणी झाली आहे, आशेची गोष्ट आहे, पण आज आपल्या हातात इट्राकोनाझोलच आहे.

स्पोरोट्रायकोसिसला इट्राकोनाझोल १०० ते २०० मिलिग्रॅम रोज, गाठी पूर्ण गेल्यावरही दोन ते चार आठवडे पुढं, एकूण तीन ते सहा महिने धरा. परवडत नसेल तर जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध म्हणजे पोटॅशियम आयोडाइडचं संपृक्त द्रावण, पाच थेंब दिवसातून तीनदा असं सुरू करून हळूहळू तीस-चाळीस थेंबांपर्यंत न्यायचं, दुधातून किंवा रसातून. तोंडात धातूची चव, नाक गळणं, लाळ सुटणं होतं, थायरॉइडवाल्यांना आणि गरोदर बाईला द्यायचं नाही. बॅसिडिओबोलसच्या मुलांना पण हे नाहीतर इट्राकोनाझोल, वजनाप्रमाणं. क्रोमोचा चट्टा लहान असेल तर कापून काढणं उत्तम, मोठा असेल तर इट्राकोनाझोल किंवा टर्बिनाफिन सहा महिने ते वर्षभर आणि सोबत लिक्विड नायट्रोजननं गोठवणं.

इट्राकोनाझोलची कॅप्सूल कशी घ्यायची

यावर वेगळं लिहितो कारण औषध बरोबर असूनही घेण्यात गडबड झाली की रोग हलत नाही. साधी कॅप्सूल भरल्या पोटी, जेवण झाल्या झाल्या घ्यायची, भाकरी-भाजी-डाळ असं पोटभर जेवण, चहा-बिस्किटावर नाही. पोटात ॲसिड असलं तरच ती विरघळते, म्हणून पॅन्टोप्राझोल, रॅनिटिडिनसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या सोबत चालत नाहीत, आणि आपल्याकडं तर प्रत्येक चिठ्ठीत ॲसिडिटीची गोळी असतेच, ती डॉक्टरांना दाखवून काढून टाकायची. पाकिटावर सुबा (इट्राकोनाझोलचाच वेगळ्या बनावटीचा प्रकार) लिहिलेलं असेल तर त्याचा डोस वेगळा असतो, मेडिकलवाल्यानं "तेच आहे" म्हणून बदलून दिलं तर घेऊ नका, परत विचारा.

टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर इट्राकोनाझोल रक्तात टिकतच नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाच्या ठोक्याच्या गोळ्या, सगळं डॉक्टरांना दाखवा. हार्ट फेल्युअर असलेल्याला हे औषध द्यायचं नाही. चालू असताना दोन्ही पाय सुजले, धाप लागायला लागली, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर थांबवून दाखवायचं. लिव्हरची तपासणी सुरुवातीला आणि मग साधारण महिन्याला. बायकांनी कोर्स चालू असताना आणि संपल्यावर पुढची दोन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

पैशाचं बोलायचं तर वर्षभराच्या गोळ्या गरीब घराला जड जातात आणि कोर्स अर्धवट सुटण्याचं हेच पहिलं कारण आहे. जनऔषधी केंद्रात विचारा, सरकारी दवाखान्यात काय मिळतं ते विचारा, ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या काउंटरवर आधी चौकशी करा. आणि गोळ्या संपायला आल्या, पैसे नाहीत, तर गप्प बसून बंद करण्यापेक्षा येऊन सांगा, मार्ग काढता येतो.

घरी काय करायचं

रोज साबण-पाण्यानं पाय धुऊन कोरडा करायचा, स्वच्छ पट्टी. बिब्बा, चुना, शेण, तंबाखू काही नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे ताट वेगळं, अंथरूण वेगळं हे बंद करा, आधीच माणूस वर्षभर लंगडत काम करून थकलेला असतो. शेतात जाताना बंद बूट, निदान जाड तळाची चप्पल. छाटलेल्या डाळिंबाच्या फांद्या वाटेवर पडू देऊ नका. नवीन काटा लागला तर लगेच धुवा, तुकडा आत राहिला असेल तर त्याच आठवड्यात काढून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

थांबायचं कधी

पू बंद झाला, भोकं मिटली म्हणजे बरं झालं असं नाही, आणि इथंच खूप लोक गोळ्या सोडतात. जंतूवाल्या प्रकारात सगळं मिटल्यावरही औषध पुढं पाच-सहा महिने चालू ठेवतात. बुरशीवाल्यात सूज पूर्ण बसली, नासूर नाही, सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये दाण्यांची पोकळी नाही, एक्स-रेमध्ये हाड भरून यायला लागलं, असं सगळं जुळल्यावरच डॉक्टर थांबवतात. त्यानंतर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी दाखवायचं, पुढंही दोन-तीन वर्षं अधूनमधून. घरी आठवड्यातून एकदा जुन्या व्रणाच्या कडेनं बोटानं दाबून बघा, तिथं किंवा त्या पायाच्या जांघेत नवीन कडक गाठ हाताला लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या, आणि जाताना पहिला बायोप्सी रिपोर्ट सोबत न्या.